देशसंधी : नोकरीनिमित्त परदेशी जाणारे कुटुंब आणि आपले कर्तव्य

चिकित्सालयात अधूनमधून असे एखादे कुटुंब येते, की ज्याला त्या दिवशी कोणताही विकार नसतो. पती, पत्नी, एखादे मूल आणि हातात एक यादी. "वैद्यराज, पुढच्या महिन्यात निघायचे आहे. वर्षभराची औषधे बांधून द्या." कोणी दुबईस निघालेले असते, कोणी न्यू जर्सीस, कोणी म्युनिकला तर कोणी मेलबर्नला. आपण चूर्णे, वट्या, एखादा अवलेह, अभ्यंगाच्या तेलाच्या दोन बाटल्या देतो, शुभेच्छा देतो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो.

या प्रसंगी औषधांची पिशवी हा आपल्या कर्तव्याचा सर्वांत लहान भाग असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या कुटुंबाला खरोखर दोन गोष्टी हव्या असतात : नवा देश पचविण्याचा एक क्रम, आणि तेथील डॉक्टरांपुढे निःसंकोचपणे ठेवता येईल असा एक स्पष्ट कागद. या दोहोंचा क्रमाने विचार करू.

१. शास्त्राधार

देशांतराचा विचार आपल्या संहितांना अपरिचित नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या प्रथमाध्यायात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात तर कोणत्या प्रदेशातील लोकांना काय सात्म्य असते याची यादीच आहे. बाह्लीक, पह्लव, चीन, यवन, शक यांना मांस व गोधूम, पूर्वेकडील लोकांना मत्स्य, सिंधुदेशीयांना क्षीर, मलयवासीयांना कंद, मूळ व फळ. हे सात्म्य सततच्या सेवनाने अंगवळणी पडलेले असते. त्यालाच आपण ओकसात्म्य म्हणतो. सवयीने जे जडले ते सवयीनेच बदलता येते, परंतु त्याला काळ द्यावा लागतो.

हा काळ किती असावा, याचे सूत्र अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात सापडते. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या चौदा दिवसांत जुना आचार हळूहळू सोडावा व नवा हळूहळू धरावा. एकाएकी केलेला त्याग आणि एकाएकी केलेला स्वीकार या दोहोंपासून असात्म्यज रोग उद्भवतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेला पादांशिक क्रम, म्हणजे एकेक चतुर्थांश सोडत एकेक चतुर्थांश घेण्याची रीत, हीच दृष्टी दाखवितो.

निसर्ग ऋतू बदलताना चौदा दिवसांची सवलत देतो. विमान मात्र एका रात्रीत माणसाला एका देशातून उचलून दुसऱ्यात ठेवते. ही सवलत वैद्याने हेतुपुरस्सर निर्माण करावी लागते. तिला 'देशसंधी' म्हणावे, असे प्रस्तुत लेखक सुचवितो.

२. देशसंधीचे चौदा दिवस

निघण्यापूर्वीचे सात दिवस. हे दिवस बहुधा निरोपाच्या जेवणावळींत, जागरणात आणि सामान भरण्यात जातात. अग्नी मंद झालेल्या अवस्थेतच प्रवास सुरू होतो आणि पुढचे सारे दुखणे विमानातील अन्नाच्या माथी मारले जाते. म्हणून या सप्ताहात रात्रीचे जेवण लघु व वेळेवर असावे, नित्य अभ्यंग करावा, आणि शक्य असल्यास झोपेची वेळ रोज थोडी थोडी नव्या देशाच्या दिशेने सरकवावी. पूर्वेकडे जाणाऱ्याने लवकर झोपावे, पश्चिमेकडे जाणाऱ्याने थोडे उशिरा. वमन, विरेचनासारखे शोधन या आठवड्यात करू नये. संसर्जनक्रम पाळण्यास अवकाश मिळत नाही.

पोहोचल्यानंतरचे सात दिवस. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, न्यूयॉर्कचे ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तास. स्थूलमानाने एका तासाच्या फरकास एक दिवस लागतो, असे धरावे. पहिल्या दिवसापासून जेवण तेथील घड्याळाप्रमाणे घ्यावे, परंतु भूक नसल्यास केवळ पेज, मुगाची खिचडी किंवा कढण यांवर राहावे. सकाळी उजेडात बाहेर फिरावे आणि दिवसा दीर्घ झोप टाळावी. तेथील पाव, चीज, थंड दूध व धान्यांचे गोड पोहे यांचा प्रवेश पादांशिक क्रमाने व्हावा. सोलापूरकडील ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या कोठ्याला पहिल्या आठवड्यात तिन्ही त्रिकाळ पाव दिल्यास विबंध, आध्मान व अम्लपित्त होणारच. त्यासाठी पिशवीत वर्षभराचे औषध नेण्यापेक्षा सात दिवसांचा संयम नेणे स्वस्त पडते.

३. खोलीचा ऋतू

परदेशातील रुग्णाचा विचार करताना आपण नकाशा पाहतो : आखात म्हणजे जांगल व उष्ण, युरोप म्हणजे शीत. येथे चूक होण्याचा संभव आहे. रुग्ण दिवसाचे वीस तास ज्या खोलीत राहतो, त्या खोलीचा ऋतू वैद्याने पाहिला पाहिजे.

संयुक्त अरब अमिरातीत उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, आणि १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तेथे मनाई असते. परंतु कचेरीत काम करणारा मनुष्य व त्याचे घरातील कुटुंब यांना प्रत्यक्षात वातानुकूलित यंत्राचा शीत, रूक्ष वायू भोगावा लागतो. शिवाय घर, मोटार, दुकान असा शीतोष्णाचा व्यत्यास दिवसातून दहा वेळा घडतो. अशा रुग्णास केवळ 'उष्ण देश' म्हणून शीत उपचार दिल्यास प्रतिश्याय, संधिशूल व त्वग्रौक्ष्य वाढते. येथे अभ्यंग, प्रतिमर्श नस्य व कोमट पाणी उपयोगी पडते. सूर्याच्या प्रदेशात राहूनही बंद दाराआड दिवस गेल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी होते, हेही ध्यानी ठेवावे.

याउलट इंग्लंड-जर्मनीत. हेमंतात अग्नी बलवान होतो, म्हणून गुरू व स्निग्ध आहार घ्यावा, हे शास्त्रवचन थंडीशी प्रत्यक्ष झुंजणाऱ्या व श्रम करणाऱ्या देहाला उद्देशून आहे. उबदार खोलीत संगणकापुढे बसलेल्या मनुष्याचा हेमंत तसा नसतो. त्याला डिंकाचे लाडू व तुपाचा मारा सुचविणे म्हणजे मेदोवृद्धीस आमंत्रण होय. लंडन सुमारे ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. तेथे शरद व हिवाळ्याच्या महिन्यांत उन्हापासून 'ड' जीवनसत्त्व पुरेसे बनत नाही. म्हणून ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणा या काळात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम पूरक मात्रेचा विचार करण्यास सांगते, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. आपण यास विरोध करू नये. सूर्याची उणीव कोणत्याही काढ्याने भरून निघत नाही.

ऑस्ट्रेलियात जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेथे आश्विन महिन्यात वसंत असतो. पंचांगातील महिना पाहून शरदातील विरेचन सांगणारा वैद्य मेलबर्नच्या रुग्णाला नेमक्या उलट्या ऋतूचा उपचार देईल.

४. मन आणि सूतिका

नोकरी ज्याची असते त्याला पहिल्या दिवसापासून सहकारी, काम व दिनक्रम मिळतो. अवलंबित व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला, बहुधा पत्नीला, अनेकदा नोकरीची परवानगी नसते, भाषा नवी असते आणि शेजारधर्म नसतो. तिची अनिद्रा, अरुची व अंगमर्द यांचे मूळ कोष्ठात शोधत बसण्यापूर्वी, दिवसभरात ती किती माणसांशी बोलते हे विचारावे. महाराष्ट्र मंडळ, ग्रंथालय, मुलांच्या शाळेतील पालक, रोजचा ठरावीक फेरफटका हा सत्त्वावजयाचाच भाग आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोल आले, तर विलंब न करता तेथील मानसोपचार-सेवा घ्यावी, हे जाण्यापूर्वीच पती-पत्नी दोघांना सांगून ठेवावे.

सूतिकेच्या बाबतीत एक गोष्ट प्राणमोलाची आहे. आपल्याकडे बाळंतिणीला व बाळाला शेक-शेगडी, ओव्याची वा वावडिंगाची धुरी देण्याची रीत आहे. आपल्या घरांना फटी असतात, उघडी दारे असतात. थंड देशांतील घरे मात्र हवाबंद असतात. तेथे खोलीत कोळशाची शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साईड साचून निजलेली माता व बालक दोघेही दगावू शकतात. गरम पाण्याची पिशवी हाच तेथील शेक. मदतीसाठी निघालेल्या आजीला ही गोष्ट आवर्जून सांगावी.

५. पिशवीत काय जाते?

आता औषधांकडे वळू. येथे चिकित्सेइतकाच कायद्याचा प्रश्न आहे.

(अ) अहिफेन व विजया. जातीफलादि चूर्णात भांग असते, कर्पूररसात अफू. अतिसारासाठी सहज दिलेली अशी एखादी डबी आखातात किंवा सिंगापुरात अमली पदार्थ ठरते. तेथील कायदे अत्यंत कठोर आहेत. इतकेच काय, खसखससुद्धा संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे निषिद्ध आहे. सासूबाईंनी प्रेमाने दिलेले डिंकाचे लाडू आणि दिवाळीचे अनारसे यांतही खसखस असते, याची आठवण करून द्यावी.

(आ) आसवारिष्टे. यांत संधानाने सामान्यतः ५ ते १० टक्के मद्यांश निर्माण होतो. सौदी अरेबिया व कुवेत येथे निघालेल्यांना दशमूलारिष्ट वा द्राक्षासव न देता क्वाथ, चूर्ण किंवा वटी हे पर्याय द्यावेत.

(इ) घृते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतील प्रवाशांना दूध व दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे. औषधी घृत हेही मुळात तूपच. ऑस्ट्रेलियात वनस्पतिजन्य व प्राणिजन्य वस्तू, पारंपरिक औषधांसह, प्रवेशपत्रकात घोषित कराव्या लागतात. न केल्यास दंड होतो.

(ई) संरक्षित वनस्पती. कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी व रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

(उ) देशपरत्वे निषिद्ध द्रव्ये. अमेरिकेत वेखंडाचा अन्नपदार्थांतील वापर १९६८ पासून निषिद्ध आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये अन्नपूरकांतील अश्वगंधेवर बंदी घातली. आपल्या दृष्टीने ही बंदी योग्य की अयोग्य हा वाद आपण करू शकतो. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर उभ्या असलेल्या रुग्णाला तो करता येत नाही.

(ऊ) रसौषधी. हा विषय सर्वांत नाजूक आहे. बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधील सहा गर्भवतींची नोंद प्रसिद्ध केली. भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेतल्यानंतर त्यांच्या रक्तात शिसे वाढले होते. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि बालकाच्या मेंदूस अपाय करते. बालकांसाठी शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. शोधन-मारणाविषयी आपले म्हणणे आपण विद्वत्सभेत जरूर मांडावे. परंतु ज्या मातेचे रक्त दूषित झाले तिच्या गर्भाला त्या युक्तिवादाचा काही उपयोग नसतो. म्हणून नियम सोपा ठेवावा : जेथे आपली प्रत्यक्ष परीक्षा पोहोचत नाही तेथे रसौषधी पाठवू नये, आणि गर्भिणी, गर्भाधानेच्छू स्त्री, स्तनदा माता व बालक यांना तर मुळीच नाही. सुरमाही त्यांच्या पिशवीतून काढून घ्यावा. त्यात शिसे असू शकते.

६. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एक तरुण दांपत्य अमेरिकेस गेले. पत्नीला तीन महिन्यांच्या पुड्या मी दिल्या होत्या. पुडीवर 'सकाळ – संध्याकाळ, मधातून' एवढेच लिहिलेले. चार-पाच महिन्यांनी एका रात्री तिचा दूरध्वनी आला. ती गर्भवती होती. प्रसूतिपूर्व तपासणीत रक्तातील शिसे वाढलेले आढळले होते. आरंभी तेथील डॉक्टरांनी 'आणखी काही औषध घेता का' असे विचारले, तेव्हा ती 'नाही' म्हणाली होती. ते हसतील असे तिला वाटले. आता ती मला विचारीत होती, "वैद्यराज, त्या पुडीत काय होते?"

मला तत्काळ सांगता आले नाही. मिश्रण मी तयार विकत घेतले होते आणि नोंदवहीत केवळ त्याचे नाव होते. निर्मात्याकडून घटकद्रव्ये कळण्यास दोन दिवस लागले. ते वनस्पतिज निघाले. दोष होता तो नातेवाइकांनी परस्पर पाठविलेल्या, लेबल नसलेल्या गोळ्यांचा. त्या बंद झाल्या, प्रमाण उतरत गेले आणि यथाकाल प्रसूती झाली. आपले औषध निर्दोष ठरले म्हणून मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हे मी लपवीत नाही. परंतु त्या दोन दिवसांत एक गर्भवती स्त्री परदेशात उत्तराची वाट पाहत बसली होती आणि ते उत्तर तिच्या वैद्याकडे नव्हते. निनावी पुडी आणि निनावी गोळी यांत फरक करण्याचे कोणतेही साधन मी तिच्या हाती दिले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या चिकित्सालयातून निनावी पुडी बाहेर गेलेली नाही.

७. प्रस्थानपत्र

पूर्वी मुहूर्त साधावा म्हणून प्रवासापूर्वी शेजारच्या घरी प्रस्थान ठेवीत. त्याच धर्तीवर प्रत्येक कुटुंबासाठी एक 'प्रस्थानपत्र' करावे. ते इंग्रजीत, टंकलिखित, एका पानाचे आणि वैद्याच्या नाव, नोंदणीक्रमांक व स्वाक्षरीसह असावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

– रुग्णाचे निदान, पूर्वीचे विकार, असात्म्य द्रव्ये.
– प्रत्येक औषधाचे नाव, घटकद्रव्ये (वनस्पतींची लॅटिन नावे), मात्रा, अनुपान, निर्माता, बॅच क्रमांक व बंद करावयाची तारीख.
– चालू असलेली आधुनिक औषधे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, यासारख्या सूचना.
– अलीकडील तपासण्या : रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, 'ब-१२' व 'ड' जीवनसत्त्व.
– मुलांच्या लसीकरणाची नोंद, विशेषतः बीसीजीची. त्या लशीमुळे क्षयाची त्वचा-चाचणी फसवी होकारार्थी येऊ शकते.
– तातडीच्या मदतीचा क्रमांक : अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघात ११२, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८.

आणि शेवटी एक वाक्य रुग्णास तोंडी सांगावे : "तेथील डॉक्टरांपासून माझे औषध कधीही लपवू नका. त्यांनी बंद करा म्हटले तर बंद करा, आणि मला कळवा." हे वाक्य उच्चारण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

औषधे तीन महिन्यांपेक्षा अधिक देऊ नयेत. दूरध्वनीवरून नवे औषध सुरू करण्याचा मोह टाळावा. आहार, विहार व निद्रा यांविषयीचा सल्ला मात्र अवश्य द्यावा.

८. औषधविक्रेत्यांसाठी

मूळ बंद डबी, पूर्ण लेबल व पावती यांशिवाय परदेशी जाणाऱ्यास काहीही देऊ नये. सुटी चूर्णे, वरून ओतलेली तेले टाळावीत. निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून भारत सरकारने अनिवार्य केली. त्यातील मर्यादा अशा : शिसे १०, पारद १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष. निर्मात्याकडे त्या बॅचचे तपासणीपत्र मागावे. जो देत नाही त्याचा माल या ग्राहकासाठी बाजूला ठेवावा. नातेवाइकांच्या नावे परस्पर पार्सल करू इच्छिणाऱ्या ग्राहकास 'गर्भवती कोणी आहे का, लहान मूल आहे का' एवढे दोन प्रश्न विचारावेत. वर कथन केलेल्या प्रसंगात ते कोणीही विचारले नव्हते.

उपसंहार

आपल्याकडून निघालेले कुटुंब त्या देशात आयुर्वेदाचा पहिला परिचय ठरते. ते आपले औषध लपवीत असेल, तर आपले शास्त्रही तेथे लपूनच राहील. त्यांच्या हाती क्रम आणि कागद दोन्ही असतील, तर तेथील डॉक्टर त्या कागदाखालील क्रमांकावर विचारणा करतील. तेव्हा आपल्याजवळ उत्तर असले पाहिजे.

शाखा-बैठकीत चर्चेसाठी :

१. आपल्या चिकित्सालयातून गेल्या वर्षी परदेशी गेलेल्या रुग्णांची औषधे आज घटकद्रव्यांसह सांगता येतील काय?
२. गर्भिणीच्या शूल, छर्दी व विबंधासाठी रसौषधीविरहित पर्याय कोणते?
३. वातानुकूलित खोलीत राहणाऱ्या आखातातील रुग्णाची ऋतुचर्या कशी लिहावी?
४. शाखेतर्फे प्रस्थानपत्राचा एक समान नमुना छापता येईल काय?